बुधवारी गोदाम उघडं असतं

पहिल्या बुधवारी ती पालिकेच्या गोदामात गेली, तेव्हा तिच्या पायात दोन वेगळ्या जोड्यांमधले बूट होते आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. आठ दिवस धड झोप नसलेल्या माणसाचं असंच होतं. बाहेर बारीक पाऊस लागला होता. पत्र्याच्या लांबलचक खोलीत टेबलामागे एक माणूस रजिस्टर उघडून बसला होता.

"तंबू न्यायला आलेय," ती म्हणाली. "चौदा आहेत."

"खूण सांगा."

"कसली खूण?"

"माल तुमचाच, हे कशावरून? खूण सांगितली की देतो. नियम आहे तसा, सिस्टर."

तिच्या अंगात नर्सचा जुना कोट होता, म्हणून त्याने तसं म्हटलं असावं. तिने कपाळावरचं पाणी पुसलं.

"निळे आहेत."

"चौदाही निळे आहेत."

"मग चौदाही माझेच."

"असं रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच वर बघून पुन्हा खाली, टेबलाखाली बघायला लागला. "बुटांचं बरं आहे. डाव्याला पितळी बकल, उजव्याला नाडी. बूट जप्त झाले असते ना, तर तुम्हाला लगेच दिले असते."

तिने खाली पाहिलं आणि तिला हसू आलं. किती दिवसांनी आलं, ते तिलाच आठवेना.

सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या वॉर्डात ती बारा वर्षं नर्स होती. खर्च झेपत नाही म्हणून पालिकेने वॉर्डाला कुलूप लावलं आणि त्याच महिन्यात आपल्या कचेरीसमोर कारंजं बांधायला घेतलं. मग नर्सा, काही लेकुरवाळ्या बाया आणि एक निवृत्त मास्तर यांनी कारंज्याच्या खड्ड्याशेजारच्या हिरवळीवर तंबू ठोकले. दर मंगळवारी पहाटे पालिकेचे दोन ट्रक येत आणि तंबू उचलून नेत. जप्त केलेला माल आठ दिवस ठेवायचा, खूण पटवील त्याला परत द्यायचा, असा जुना नियम होता. म्हणजे मंगळवारी तंबू जायचे, बुधवारी कोणीतरी ते सोडवून आणायचं आणि संध्याकाळी पुन्हा ठोकायचे. बाकीच्यांच्या कडेवर पोरं होती, तेव्हा सोडवण्याचं काम तिच्या गळ्यात पडलं.

त्या दिवशी त्या दोघांनी एकेक तंबू फरशीवर पसरला आणि खुणा शोधल्या. एकाला मेणबत्तीने पडलेलं भोक. एकाची चेन तुटून बुटाच्या नाडीने बांधलेली. एकाला दुखऱ्या पाठीला लावायच्या मलमाचा वास. तो लिहीत गेला, ती सांगत गेली. चौदाव्याला काही केल्या खूण सापडेना, तेव्हा ती त्याच्यावरच बसून म्हणाली, "लिहा, यावर एक नर्स दमून बसली होती."

त्याने खरंच तसं लिहिलं.

गावात या तंबूंवरून उभी फूट पडली होती. न्हाव्याच्या खुर्चीत, पावाच्या रांगेत, बसच्या दांडीला लोंबकळत लोक त्यावरच भांडत. तिच्या घरातही दोन पक्ष होते, एक ती आणि दुसरे तिचे बाबा. बाबा पाण्याचे मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. सरकारने उधळपट्टी करू नये, यावर त्यांचा लहानपणापासून विश्वास. चौदा तंबू उचलायला आठ माणसं आणि दोन ट्रक लागतात, तो पैसा कोणाचा, असं ते रोज विचारत. मग उचलू नका म्हणावं, असं ती रोज सांगे. एवढं झालं की बाबा गरम पाण्याचं घमेलं तिच्या पायाशी सरकवत आणि दोघं तिच्या सुजलेल्या पावलांकडे बघत बसत.

चौथ्या बुधवारी तिच्या लक्षात आलं की तुटक्या चेनच्या जागी नवी चेन बसली आहे. ट्रकच्या आकड्याने फाटलेल्या एका तंबूला शिवण पडली होती. शिवण मजबूत, पण अशी वाकडीतिकडी की जणू शिवणारा बोटीत बसून शिवत होता.

"हे कोणी केलं?"

"माल येतो तसा जातो," तो रजिस्टरात बघत म्हणाला.

"खूण बदलली की रजिस्टर खोटं ठरेल ना?"

 त्याचे कान लाल झाले, आणि टेबलाच्या खणातून दाभणाचं टोक बाहेर डोकावत होतं, ते त्याने हळूच आत ढकललं.

त्या दिवसापासून तिचे बुधवार जरा लांबायला लागले. तो चहा करायचा. कप दोनच, त्यातल्या एकाची दांडी तुटलेली. तो तिच्या वाट्याला यायचा, कारण दुसरा त्याचा रोजचा होता आणि असल्या गोष्टी त्याच्या ध्यानात येत नसत. बोटं भाजू नयेत म्हणून ती कप बाहीत धरून प्यायची. मग तो तिला विचारी, बाळ रडलं नाही तर काय करता? ती विचारी, आठ दिवसांत कोणी आलं नाही तर मालाचं काय होतं? एकदा कोणाची तरी लाकडी शिडी अशीच राहिली, ती मोडायला त्याचा हात होईना, म्हणून त्याने नवव्या दिवशी ती ठेवून घ्यावी अशी साहेबांकडे शिफारस केली होती. शिडीची शिफारस! ती वाटेभर हसत गेली.

पण एक दिवस तिनेच विचारलं, की आमचं म्हणणं तुम्हाला पटतं ना? त्याने कप खाली ठेवला.

"नाही पटत, सिस्टर. वॉर्ड बंद करायला नको होता, ते पटतं. पण माझी आई काठी टेकत पेन्शन घ्यायला त्याच कचेरीत जाते. तुमच्या तंबूंना वळसा घालून तिला मागच्या फाटकाने जावं लागतं. घरी आल्यावर दोन दिवस तिच्या गुडघ्याची सूज उतरत नाही. तिने कोणाचं काय वाकडं केलंय?"

तिला राग आला. दहा आठवड्यांचा शीण त्या रागात उतरला. पोरं टॅक्सीत जन्माला येतायत आणि याला गुडघ्याचं पडलंय, असं ती बोलून गेली. चहा तसाच टाकून निघाली. वाटेत मात्र तिला एक काठी दिसत राहिली... आणि काठीमागचा गुडघा. गुडघे तिने खूप पाहिले होते.

संध्याकाळी तंबू ठोकताना ती मास्तरांशी बराच वेळ बोलली. त्या आठवड्यापासून तंबू दोन रांगांत लागले. मधोमध रस्ता सुटला. काठी टेकणारी एक बाई आणि तिचं कोपर धरणारं दुसरं माणूस सहज जाईल एवढा. ती त्याला काही बोलली नाही.  पुढच्या बुधवारी चहा आला, तो दांडीच्या कपात.

"आई म्हणाली, एक मुलगी पुढच्या फाटकापर्यंत सोडायला आली होती," तो म्हणाला. "म्हणाली, हात गरम होते तिचे."

"चहाचा कप धरून धरून झालेत तसे," ती म्हणाली.

मग पालिकेने ठराव आणला. जप्तीचा माल यापुढे ठेवायचा नाही, त्याच दिवशी मोडीत काढायचा. त्यावर पुढच्या मंगळवारी दुपारी जाहीर सुनावणी होती. ठराव झाला तर छावणी संपली, हे सगळ्यांना कळत होतं. दर आठवड्याला चौदा नवे तंबू कोण आणणार? शेजारच्या शहरातल्या खासगी दवाखान्यात बाबांनी तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता आणि तिथे सुनावणीनंतरच्या शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. छावणी टिकली तर ती राहणार होती, नाही टिकली तर जाणार होती. तसं तिने गोदामातही सांगून टाकलं, चहा ढवळता ढवळता, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट.

त्याने रजिस्टर मिटलं.

"मला साक्षीला बोलावलंय," तो म्हणाला. "गोदामाचा खर्च विचारणार आहेत. आहे तोच सांगणार मी."

"मी काही मागितलंय का?"

"नाही. म्हणूनच सांगतोय."

सुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. पाववाला म्हणाला, तंबूंमुळे त्याचं गिऱ्हाईक तुटलं. एक म्हातारी म्हणाली, तिच्या सुनेला वाटेतच कळा आल्या आणि टॅक्सीवाल्याने घाबरून गाडी सोडून पळ काढला. बाबाही उठले. तिने डोळे मिटून घेतले. बाबांनी आठ माणसं आणि दोन ट्रक सांगितले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग लेकीकडे एकदा बघून ते म्हणाले, की कारंज्यालाही मीटर असेल, तो कोणीतरी वाचून दाखवावा. आणि घाईघाईने खाली बसले.

त्याची साक्ष आली, तेव्हा त्याने गोदामाचा वर्षाचा खर्च सांगितला. आकडा मोठा होता. सभागृहात कुजबुज झाली. न विचारता तो पुढे म्हणाला, की ट्रकचा खर्च याच्या तिप्पट आहे. एका पहाटेची उचलाउचल थांबली तर वॉर्ड दोन दिवस चालेल. अध्यक्षांनी त्याला विचारलं तेवढंच बोलायला सांगितलं आणि चष्मा पुसत नवा प्रश्न काढला. जप्तीचे तंबू सरकारी दोऱ्याने आणि सरकारी वेळात शिवले गेले, हे खरं का?

"दोरा सरकारी," तो म्हणाला. "वेळ जेवणाच्या सुट्टीतला. माझा."

लोक हसले. ती हसली नाही.

ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. त्याला दोऱ्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. पायऱ्यांवर दोघं समोरासमोर आले, तेव्हा ती म्हणाली, "एकही शून्य कमी केलं नाहीत."

"नाही."

तिने मनात राग शोधून पाहिला, सापडला नाही. नुसता थकवा होता. जो माणूस आपल्यासाठी एक शून्य गाळत नाही, त्याचं बाकीचं बोलणंही खरंच असणार, असं तिला वाटलं. पण बाकीचं तर तो अजून काही बोललाच नव्हता.

सुनावणीच्या पहाटेच जप्त झालेल्या मालाला जुनाच नियम होता. त्यामुळे शेवटच्या बुधवारी ती गोदामात गेली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मास्तर आणि बाकीचे उद्यापासून घरच्या खुर्च्या आणून बसणार होते. खुर्ची जप्त करायला आधी आम्हाला उठवावं लागेल, असं मास्तर म्हणाले होते. हे तिने त्याला सांगितलं. तो हसला, पण हसण्यात जीव नव्हता.

तेरा तंबू त्याने दिले. चौदावा पुढ्यात ठेवला आणि त्यावर हात ठेवून म्हणाला, "खूण सांगा."

"यावर एक नर्स दमून बसली होती."

"ती जुनी झाली. नवी सांगा."

तिने तंबू उलगडला. कडेला एक ताजी शिवण होती, तशीच वाकडी. तिने तिच्यावरून बोट फिरवत नेलं.

"डावीकडे शिवण आहे. ज्याने घातली त्याला सरळ रेघ येत नाही."

"आणखी?"

"आणखी... शेवटी गाठ मारलेली नाही. दोरा तसाच लोंबतोय."

"गाठ मारली की काम संपतं," तो म्हणाला. त्याचा आवाज पत्र्यावरच्या पावसात जेमतेम ऐकू येत होता. "मला ते संपायला नको होतं."

ती दोऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी नोकरी घेतली. सोमवारपासून."

"बरं केलंत," तो म्हणाला. त्याने पेन उचललं, टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"एकच अट घातली मी. बाबा वैतागले. म्हणाले, लोक पगार वाढवून मागतात आणि तू हे काय मागितलंस?"

"काय मागितलंत?"

"आठवड्याची सुट्टी. बुधवारी."

त्याने पेन खाली ठेवलं. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं.

"बुधवारी गोदाम उघडं असतं," शेवटी तो म्हणाला. "पण जप्तीचा माल काही नसेल आता. मी नुसता बसून असेन."

"चहा?"

"दुसरा कपही आणतो. दांडीचा."

तिने चौदावा तंबू पुन्हा घडी करून त्याच्याकडे सरकवला. हा इथेच राहू दे, म्हणाली, पुढच्या खेपेला नेईन.

"आठ दिवसांचा नियम आहे," तो म्हणाला. "त्यानंतर मला शिफारस करावी लागेल, सि—"

आणि थांबला. गेले तीन महिने जे सहज तोंडात येत होतं, ते आज ओठांवर अडलं.

"...मग काय म्हणू तुम्हाला?"

ती दारापर्यंत गेली होती. तिने डोक्यावरून कोट ओढून घेतला. आज तिच्या दोन्ही बुटांना बकलं होती.

"सात दिवस आहेत," ती म्हणाली. "विचार करून ठेवा."