दादाच्या नंबरवर

हे मी लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. ज्याची गोष्ट आहे तो म्हणाला, "लिही रे, फक्त मला शहाणा दाखवू नकोस." नाही दाखवत. तो शहाणा नव्हताच. प्रेमात होता…

सोफे दुरुस्त करायच्या दुकानात सगळे त्याला खिळ्या म्हणायचे. कापड ताणून धरायचं एका हाताने, हातोडी दुसऱ्या हातात, मग बारके खिळे ठेवणार कुठे? तोंडात. जिभेने एकेक पुढे सरकवायचा, चुंबकाची हातोडी ओठाशी न्यायची, खिळा उचलायचा, ठोकायचा. काम रंगात आलं की त्याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

त्या दुपारी तो एका लठ्ठ खुर्चीची पाठ ओढत होता आणि फोन वाजला. त्याचा नाही. दादाचा.

दादा, त्याचा सख्खा मोठा भाऊ, उन्हाळ्यात गेला. तापाचं निमित्त झालं, बस. घरात दादाचा फोन वाजला की वहिनीच्या काळजात धस्स व्हायचं. शेवटी तिनेच तो त्याच्या हातात दिला. "भाऊजी, हा तुमच्याकडे ठेवा. मला नाही सहन होत." तेव्हापासून फोन दुकानात, फडताळावर. बंद करायचा धीर त्यालाही झाला नव्हता.

त्याने कोपराने बटण दाबलं, स्पीकर लागला.

"नमस्कार सर! मी विमा कंपनीतून बोलतेय." आणि तिने दादाचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. "आपणच बोलताय ना?"

"हं," तो म्हणाला. तोंडात खिळे. म्हणायचं होतं, थांबा जरा.

"थँक यू सर. तब्येत कशी आहे आपली?"

त्याने खिळे तळहातावर काढले. आता सांगायला हवं होतं. दादा गेला, एवढे दोनच शब्द. पण गेले कित्येक महिने सगळं जग दादाबद्दल 'होता' म्हणत होतं. चांगला होता, हसतमुख होता… आणि ही कोण कुठली पोरगी, विचारत होती — कशी आहे?

"बरी आहे," तो म्हणाला.

बोलून बसला. ती पुढे हप्त्याचं सांगत होती. "कामात आहे, नंतर करा," म्हणून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी परत.

"सर, काल 'नंतर करा' म्हणालात, म्हणून आज फोन."

"आजही नंतरच."

"असं नका ना करू सर. तुम्ही नंतर म्हणालात की नंबर परत माझ्याच यादीत येऊन बसतो."

"बसू दे की. तुम्हाला काय त्याला जेवायला वाढायचंय?"

ती फस्सकन हसली आणि लगेच आवाज आवरला. "हसवू नका सर. कॉल रेकॉर्ड होतो."

"मग साहेबांनाही हसू दे थोडं."

असं ते चालू झालं. तिच्या मागे कायम शेकडो आवाजांची गुणगुण असायची, पोळ्यातल्या मधमाश्यांसारखी. त्यातून हिचा एकच आवाज त्याला नेमका सापडायचा. जरासा बसका… वाक्य संपताना किंचित वर जाणारा. तो आला की खिळ्याची हातोडी थांबायची. शिलाई मशीनवर बसणारा बॉबिन, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, तिथूनच ओरडायचा, "उचल, उचल! पॉलिसी रुसेल!"

एकदा तिने विचारलं, "हा ठकठक आवाज कसला हो सर? आमच्या नोंदीत तर तुम्ही ड्रायव्हर आहात."

त्याने हातोडी खाली ठेवली. "ते… भावाचं दुकान आहे. इथे येऊन बसतो."

"भाऊ काय करतो?"

"सोफे शिवतो. खुर्च्या नव्या करतो. बरा आहे पोरगा."

"मग त्याला विचारा ना, माझ्या खुर्चीचं काय करू? स्पंज इतका दबलाय की संध्याकाळी पाठ मोडते."

"गादी उपटून पालथी घाला. खालची बाजू दबलेली नसते. आणि मागच्या कडेला जुनी ओढणी घडी करून सारा."

पुढच्या फोनला ती नमस्कार विसरली. "सर! पाठ नाही दुखली! तुमच्या भावाला सांगा, हात सोन्याचे आहेत त्याचे."

"सांगतो," तो म्हणाला. त्या हातांकडे बघत बसला. तिने त्याचं कौतुक केलं होतं, आणि ते त्याला घेता येत नव्हतं. निरोप म्हणून घ्यावं लागत होतं.

गोची दुसरीच होती. दादाच्या विम्याच्या कागदावर वारस म्हणून वहिनीचं नाव. बोलणं जरा मऊ व्हायला लागलं की ती मध्येच सावरायची. "मिसेसना विचारून घ्या ना सर, हप्त्याचं." मिसेस हा शब्द ती दार लावून घेतल्यासारखा म्हणायची. आणि खिळ्या बिचारा आपल्याच वहिनीचा नवरा बनून, तोंड शिवून बसायचा.

बॉबिनने एकदा मशीन थांबवलं. "झालं की आता. सांगून टाक."

"सांगितलं की फोन बंद."

"म्हणजे?"

"माणूस गेल्याची नोंद झाली की नंबर तिच्या यादीतून जातो. दुसरीकडे. तिनेच सांगितलं, सहज बोलता बोलता."

"आणि वहिनीचं काय? विमा तिच्यासाठी काढला ना दादाने? तिला तरी माहितीये का?"

खिळ्याने मूठभर खिळे तोंडात टाकले. म्हणजे आता बोलणं संपलं.

मग तो फोन आला. बाहेर आभाळ भरून आलेलं, दुकानात दुपारीच दिवा लावलेला. तिचा आवाज रोजच्यासारखा वर जात नव्हता.

"सर, उद्यापासून दुसऱ्या कोणाचा फोन येईल. मी यादी बदलून मागितलीये."

"का? माझं काही चुकलं?"

"नाही हो… सकाळी आल्यावर मी आधी तुमचा नंबर शोधते. तो वर यायची वाट बघते. जेवताना बघते. हे बरोबर नाही ना सर? तुमच्या घरी मिसेस आहेत. त्या बाईंनी माझं काय वाईट केलंय?"

"अहो, रेकॉर्ड…"

"होऊ दे. काल रात्रभर ठरवत होते. खोटं नाही बोलता येत मला."

खोटं नाही बोलता येत मला. हे तिने म्हटलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

"मी तो नाही," तो म्हणाला.

"काय?"

"ते नाव दादाचं. मोठा भाऊ. मी सोफेवाला. लग्न दादाचं झालंय… झालं होतं. दादा गेला. उन्हाळ्यातच गेला."

दादा गेला. पहिल्यांदाच म्हणाला तो हे, आजवर कोणालाच म्हणाला नव्हता. भेटायला आलेल्यांना त्याने नुसती मान हलवली होती. खुर्चीच्या उघड्या पाठीवर डोकं टेकवून तो रडायला लागला. पाठमोऱ्या बॉबिनने मशीन जोरात चालवलं, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.



"म्हणजे मी रोज… गेलेल्या माणसाला विचारत होते, जेवलात का?"

"मी जेवलोय सांगायचो. मला बरं वाटायचं. त्याच्या वाट्याचं कोणीतरी विचारतंय म्हणून. आणि नंतर… नंतर तुमच्यासाठी. माझ्यासाठी."

"एकदा सांगायचं तरी होतं हो." आवाज फुटला तिचा. मग एकदम तो कामाचा झाला, सरळ, गुळगुळीत. "सर, निधनाची नोंद करते. कारण सांगाल का? आपलं नातं? वारस सध्या कुठे राहतात?"

त्याने एकेक सांगितलं. ती एकेक टाइप करत गेली. की-बोर्डचा आवाज येत होता, मधेच थांबत होता, नाक ओढल्याचा आवाज, परत की-बोर्ड. शेवटी म्हणाली, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." हे छापील वाक्य होतं. त्यानंतरचं नव्हतं. "पाठ सांभाळा. तुम्हीही दिवसभर वाकलेलेच असता ना."

फोन बंद झाला.

कंपनीचा माणूस आठवड्याभराने घरी आला. भला होता, पाणी प्यायला, वहिनीसमोर अवघडून बसला. "आमच्याकडे नोंद आहे की विमाधारक स्वतः बोलत होते. चौकशी लागली होती. पण तुमचं काम अडणार नाही. आमच्या त्या मॅडमनी लिहून दिलंय, ओळख नीट विचारली नाही, चूक त्यांची. सध्या घरी बसवलंय त्यांना."

तो गेल्यावर खिळ्या खाली मान घालून वहिनीला सगळं बोलला. तिने ओरडावं म्हणून वाट बघत होता. ती नाही ओरडली.

"काय विचारायची ती त्यांना?"

"तब्येत कशी आहे. जेवलात का."

"आणि तुम्ही?"

"बरा आहे म्हणायचो."

वहिनीने पदर तोंडाला लावला. "परत म्हणा ना, भाऊजी. एकदाच. त्यांच्यासारखं."

"बरा आहे," तो म्हणाला. वहिनी भिंतीला टेकून खाली बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळी रडली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा तो कामाला बसलाच नाही. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बॉबिनने वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुठे, नवरदेव?"

"तिच्या कंपनीत. ओळख मी लपवली, तिने नाही. लिहून देतो तसं."

"केस करतील तुझ्यावर."

"करू देत."

"आणि चौकशीला बोलावलेली ती समोर आली तर? विरघळशील. हात जोडशील, माझ्यासाठी थांब म्हणशील, मूळ काम राहील बाजूला. ओळखतो मी तुला."

खिळ्याने दाराशी थांबून चपला सारख्या केल्या.

"नाही म्हणणार थांब. मला माफ करायचं की नाही, तिचं ती बघेल. तिची खुर्ची तिला परत मिळाल्याशिवाय मी एक शब्द माझ्यासाठी मागणार नाही. शब्द देतो तुला, बॉबिन."