करपलेल्या पाकाचा वास

गुडघाभर बर्फातून वाट काढत मिरेय मेपलच्या राईच्या टोकाला पोचली, आणि बघते तर काय — एक अनोळखी तरुण तिच्या सगळ्यात जुन्या मेपलला मिठी मारून उभा!

"ए! सोड ते झाड!"

तो इतका दचकला की त्याची टोपीच खाली पडली. "मिठी नाही मारत हो... घेर मोजतोय." त्याने हातातली मोजपट्टी दाखवली.

"का? कोट शिवायचाय त्याला?"

तो हसला. थंडीने नाकाचा शेंडा लालबुंद झालेला आणि पापण्यांवर बर्फाचे कण. "लाकडाच्या वखारीतून आलोय. नॉर्मां गोदबू म्हणून कुणी आहेत, त्यांनी सांगितलं राई विकायचीय. तुम्ही कोण त्यांच्या?"

"बहीण. आणि राई विकायची नाहीये. अहो-जाहो पण नको, मी काय चर्चमधला फादर आहे?"

नाव ओरेल, असं त्याने टोपी झटकत सांगितलं. मिरेयने ते मुद्दाम नीट ऐकलं नाही. पण रात्री गायींचं दूध काढताना तेच नाव तिच्या तोंडात आलं, तेव्हा ती स्वतःवरच चिडली.

क्वेबेकच्या त्या डोंगराळ भागात जमीन थोडी आणि दगडच जास्त. मिरेयच्या बाबांनी चार गायींवर आणि या राईवर संसार केला. शरद ऋतूत बाबा गेले, आणि मॉन्ट्रियलला नोकरी करणारा नॉर्मां म्हणाला, झाडं कापून टाकू. मिरेयने हट्ट धरला. शेवटी भावाबहिणीत ठरलं : या हंगामात तिने एकटीने, कुणाचीही मदत न घेता, बाबा भरत असत तेवढे पाकाचे डबे भरायचे. भरले तर राई कायमची तिची. नाहीतर करवत. नॉर्मांची खात्री होती, पोरगी अर्ध्यात बसकण मारेल. मिरेय त्याच रात्री कुऱ्हाडीला धार लावायला बसली.

दिवसा ऊन आणि रात्री कडाका, असं सुरू झालं की मेपलला रस सुटतो. मग उसंत म्हणून नसते. झाडांना टांगलेल्या बादल्या गोळा करा, घसरगाडी ओढा, लाकडं फोडा, आणि राईतल्या खोपटात पसरट काहिलीत तो रस पाक होईपर्यंत आटवत बसा. ओरेलला सगळ्या राईचा घेर मोजायचा होता, आणि बोटं गारठली की ऊब घ्यायला खोपटाशिवाय जागा नव्हती. निदान तो तसं म्हणायचा.

"एक ओंडका टाकू चुलीत?"

"खाली ठेव."

"एकच..."

"ओरेल, खाली ठेव म्हटलं ना! नॉर्मां विचारेल, एकटीने केलंस का? मला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात."

"आत्ताही लाल आहेत की."

"जाळामुळे."

"जाळ तर त्या बाजूला आहे."

ती पळीने फेस काढायला वळली. फार वेळ फेसच काढत राहिली. पाण्याऐवजी रसातच उकळलेला चहा त्याच्यासमोर आदळून ती म्हणाली, "पी आणि नीघ. माझी झाडं मोजणाऱ्याला मी चहा देते, हेच गावाला कळलं तर हसतील."

पण दुसऱ्या दिवशी दोन कप आधीच मांडलेले होते. तो बोलायचा छान. माग्दालेन बेटांवरच्या कोळ्याच्या घरातला. तिकडे झाडंच मोजकी, म्हणून झाडांच्या नादाने इकडे आलेला. "आणि मोजतोस कापायला!" ती टोमणा मारायची. तो मोजपट्टी खिशात लपवायचा. ते लपवणं तिला आवडायचं. खरं तर तिला तो सगळाच आवडायला लागला होता.

आणि मग तो दिवस उजाडला. पाक दाट होत आला होता. बोलता बोलता ओरेल म्हणाला, ताज्या बर्फावर ओतलेला पाक त्याने आयुष्यात खाल्लेला नाही.

"काय सांगतोस! मग जगलास कशावर?"

तिने वाटीभर पाक घेतला, त्याला दाराबाहेर नेलं आणि बर्फावर पाकाची सोनेरी धार सोडली. क्षणात ती चिवट झाली. मिरेयने ती काडीवर गुंडाळून त्याच्या हातात दिली. त्याने डोळे मिटून खाल्ली... डोळे उघडले तेव्हा तो काडीकडे बघत नव्हता.

"मिरेय," तो हळूच म्हणाला, "मला एक..."

आणि वास आला.

तो वास त्या भागात कुणाला सांगावा लागत नाही. काहिलीतला पाक खाली जातो, तळ उघडा पडतो आणि सगळं काळं होतं. मिरेय धावली. खोपटात धूर मावत नव्हता. ओरेल काहील धरायला झेपावला.

"हात लावू नकोस!"

या वेळी ती थट्टा नव्हती. तिने एकटीनेच कच्च्या रसाच्या बादल्या काहिलीत ओतल्या, एकटीनेच जळते ओंडके बाहेर ओढून बर्फात टाकले. सगळा दिवस गेला होता, एकही डबा भरला नव्हता. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धुराचं नव्हतं.

"तू जा ओरेल. तू समोर असलास की मला काहील दिसत नाही."

तो गेला.

रविवारी प्रार्थनेनंतर अख्खं गाव गालातल्या गालात हसत होतं. करपलेला वास वाऱ्याने गावभर नेला होता ना! शेजारची एर्नेस्तीन मावशी तर रस्ताच अडवून उभी राहिली.

"कोण होतं गं खोपटात?"

"कुणी नाही मावशी. माझंच लक्ष नव्हतं."

"लक्ष आपोआप जात नाही गं. माझी काहील एकदाच करपली, आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लागलं. एवढा चांगला पाक गेला आणि मिळालं काय, तर आमचे हे!"

नॉर्मांचाही फोन आला. "करपवलीस ना? आता पुरे कर बाई."

"बेडूक ओरडायला लागले की हंगाम संपतो," मिरेय म्हणाली, "तेव्हा ये डबे बघायला. त्याआधी फोन करू नकोस."

तिने वाळू आणि व्हिनेगर घेऊन काहील घासली, हाताची सालं निघेपर्यंत घासली. मग पुन्हा जाळ पेटवला. पाठ मोडून यायची. उभ्या उभ्या पाव खायचा आणि बाकावरच जरा डोळे मिटायचे, पण काहील सोडायची नाही. ओरेल खोपटाकडे फिरकला नाही. कधीतरी लांब राईच्या कडेला दिसायचा आणि टोपी हलवायचा. तिला त्याची फार आठवण यायची. रडूसुद्धा यायचं. पण राई आधी.

एका संध्याकाळी तळ्याकडून पहिला बेडूक ओरडला. नॉर्मां शहरी बूट घालून चिखल तुडवत आला. प्रत्येक डबा त्याने उचलून पाहिला, एक उघडून चाटलाही.

"बाबांसारखीच हट्टी आहेस," तो म्हणाला. त्याने झाकण पुन्हा घट्ट बसवलं. "ठेव तुझी राई."

तो चहाला थांबला असता, पण मिरेय कोट चढवून बाहेर पडलीसुद्धा होती.

वखारीच्या आवारात ओरेल बॅग घेऊन गाडीची वाट बघत उभा होता. बेटांवर समुद्रातली शेवंडं पकडायचा हंगाम सुरू होत होता. वडिलांच्या बोटीवर माणूस हवा होता.

"मावशीकडून कळलं, निघालास म्हणून." तिला धाप लागली होती.

"हो... आणि अभिनंदन. डबे भरल्याचं गावात कालच कळलं. तुझी सगळी झाडं मी आमच्या कागदावरून खोडली. मालक म्हणाले, एवढं हसत काय खोडतोस?"

"ओरेल, मला तू हवायस."

त्याने बॅग खाली ठेवली. "पण तुला कुणाची गरज नाही. अख्ख्या गावाने बघितलंय, सगळं एकटीने जमतं तुला."

"जमतं. म्हणून तर आलेय. हिवाळ्यात म्हटलं असतं, तर माझं मलाच कळलं नसतं — तू हवायस, की लाकडं फोडायला दोन हात हवेत. आता डबे भरलेत. मला कशाचीही गरज नाही... तरी तू हवायस."

करवत बंद पडली होती. वखारीतली माणसं उघड उघड कान देऊन उभी होती.

"मी बाबांना शब्द दिलाय गं," ओरेल म्हणाला.

"मग जा आणि पाळ. जुलैत हंगाम संपला की ये. आला नाहीस, तर मी बोटीत बसून बेटावर येईन आणि तुझ्या आईसमोर विचारीन."

"आईला सांगून झालंय माझं."

"काय?"

"की या वर्षी मासेमारीपुरताच येतोय. नंतर एका मुलीला विचारायचंय, पण ती कामात आहे, तिचा हंगाम संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही." तो हसला. "तर तूच आधी बोललीस."

मिरेयने त्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं. गाडी आली, भोंगा वाजवून थकली, आणि ड्रायव्हरने शेवटी इंजिन बंद केलं.