सहाव्यांदा साडेतीन

“माणसं आहेत की मातीची ढेकळं!” मी मोठ्यांदा म्हणाले.

परक्या देशातला बसस्टँड, दोन बॅगा, तीन तास... आणि घ्यायला माणूस येईल असं कळवलं होतं, तर इथं काळं कुत्रंही नाही. मराठीत ओरडलं तर इथं कुणाला कळणार?

“ढेकळं बरी. ती निदान ठेवली तिथं सापडतात.”

गर्रकन वळले. शर्टावर भुसा, खांद्यावर फळ्या आणि डोळ्यांत मिश्कील हसू. मुलांच्या ज्या केंद्रात मी स्वयंसेविका म्हणून शिकवायला आले होते, त्याचं नाव शर्टावर छापलेलं; तिथला हा मराठी सुतार. सात वर्षांपासून इथंच राहणारा.

“तुम्हाला मला न्यायला पाठवलंय?”

“मला फळ्या न्यायला पाठवलंय. यादीत तुम्ही नाही... पण टेम्पोत जागा आहे.”

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा लगेच रागही आला.

केंद्रात तर आनंदीआनंदच होता! माझ्या खोलीत आधीच दोघी राहत होत्या. वेळापत्रक कुणी पाहिलेलं नव्हतं. मी गणिताची शिक्षिका, शाळेतून तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन आलेली; तर समन्वयकबाईंनी माझ्या हातात पुठ्ठ्याचं घड्याळ ठेवलं. “मुलं नऊ-दहा वर्षांची आहेत, पण घड्याळ येत नाही बिचाऱ्यांना.”

मुलं इंग्रजी बोलायची; मी इंग्रजीतच जीव ओतून शिकवलं. मुलं चुकायची, मग हळूहळू बरोबर यायची. मी टाळ्या वाजवायचे. मागे सुतार मोडके बाक ठोकत असायचा... आणि अधूनमधून बघत असायचा.

“साडेतीन फार छान शिकवता.”

“तोंडात खिळे धरून बोलू नये.”

“काढू? काढले की मी जास्त बोलतो—”

कानापर्यंत लाल झाले मी. खोटं कशाला सांगू?

बाराव्या दिवशी दोन वेण्यांची एक चिमुरडी खिडकीतून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मैत्रिणीला म्हणाली, “पाचला वीस कमी! बसला नऊच मिनिटं उरलीत, पळ!”

मी तिला दारातच अडवलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

“ताई, घड्याळ शिकवणारी तू सहावी. आम्हाला येतं म्हटलं की नवीन आलेले हिरमुसतात. म्हणून आधी चुकतो.”

“आणि भागाकार?”

“तिथपर्यंत कुणी पोचतच नाही. दोन आठवडे संपतात, मग ताई बदलते.” मग माझा चेहरा बघून समजुतीच्या सुरात म्हणाली, “सुतारकाका पण प्रत्येक ताईला खिळ्यांचाच विनोद सांगतात.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! एवढीएवढीशी पोरं आमचं मन सांभाळत होती, आणि सहा मोठ्या माणसांपैकी एकानेही विचारलं नव्हतं, की बाळांनो, तुमचं कुठवर झालंय? त्यात मीही आले.

मी तशीच ऑफिसात शिरले. समन्वयकबाई म्हणाल्या, “बरं झालं आलात. सोमवारी स्वयंसेवकांची नवी तुकडी येतेय, तुम्हाला किनाऱ्यावर कासवं मोजायला पाठवतोय. घड्याळ तेवढं टेबलावर ठेवून जा.”

“मी कुठंही जाणार नाही. सत्र संपेपर्यंत, दोन महिने, या मुलांना भागाकार शिकवणार.”

“नियमात बसत नाही!”

“दाखवा नियम.”

बाईंनी तीन कपाटं उपसली. त्या ऑफिसात कधीच कुठला कागद सापडला नव्हता. नियमाचाही सापडला नाही. शेवटी घाम पुसत त्या म्हणाल्या, “राहा बाई, राहा!”

तिथून थेट सुताराची शेड.

“तुम्हाला माहीत होतं!”

त्याने रंधा खाली ठेवला. “होतं.”

“आणि बारा दिवस मला साडेतीन शिकवू दिलंत?”

“तुम्ही खूश दिसत होता...”

“आणि खिळ्यांचा विनोद? मी कितवी?”

“मोजलं नाही.”

“मोजा!”

तो बोटांवर मोजायला लागला, पण तिसऱ्यावरच थांबला. मग म्हणाला, “आधी वाटायचं, कुणीतरी राहील. मनापासून बोलायचो. मग... जाणारच आहेत, तर तेच ते बोलायला लागलो. दोन आठवड्यांना तेवढं पुरतं.”

मला बाईंचा राग आला होता, त्या पुठ्ठ्याच्या घड्याळाचा आला होता, याचा तर आलाच होता. आणि डोळ्यांत पाणी येतंय म्हणून स्वतःचा सगळ्यात जास्त.

“नीट ऐका. मी दोन महिने राहतेय, आणि ते मुलांसाठी. आणि तुम्ही मला आवडता, याचा मला भयंकर संताप आलाय! तेव्हा ते जुनं पाठांतर बंद. पुढचं बोला.”

 त्याने हात शर्टाला पुसले, तर ते भुशाने आणखीच माखले.

“पुढचं मला येत नाही हो,” तो हळूच म्हणाला. “इथवर कुणी थांबलंच नाही.”

डोळ्यांतलं ते मिश्कील हसू कुठल्या कुठे पळालं होतं. त्याने माझ्यासाठी बाकावरचा भुसा झाडला आणि मी बसले. तो इतका घाबरलेला दिसत होता, की मला पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही.