बुधवारच्या चौकटीतली बदली

निघायला दोन महिने होते तेव्हाच मास्तरांनी सहलीचं वेळापत्रक आखून ठेवलं होतं, आणि घरात कुणालाही त्याचं नवल वाटलं नाही. एकतीस वर्षं शाळेतल्या सगळ्या वर्गांचं वेळापत्रक त्यांनीच लावलं होतं. मोकळा तास त्यांना बघवायचा नाही. एखादे शिक्षक रजेवर असले की मास्तर आधी त्यांच्या चौकटीत लाल पेनाने ‘बदली’ असं लिहायचे, आणि त्या तासाला कोण येणार याचा विचार नंतर करायचे. कुणीतरी यायचंच. एकतीस वर्षांत लिहिलेली बदली एकदाही रिकामी गेली नाही, हे ते पाहुण्यारावळ्यांना इतक्या वेळा सांगायचे की मास्तरीणबाई तेवढ्यात चहा करून आणायच्या.

मास्तरीणबाईंनी स्वतः कधी खडू हातात धरला नव्हता. त्या घरी शिवणकाम करायच्या. ओळखीतल्या प्रत्येक बाईचं माप त्यांना तोंडपाठ होतं, आणि कोण किती सुटलंय हे त्यांना टेप न लावता कळायचं. नवऱ्याच्या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज आयुष्यभर चुकत आला होता.

परदेशी जायची दोघांची ही पहिलीच वेळ. लेकीने विमान, हॉटेल सगळं ठरवून दिलं होतं. एक मोठं शहर, सात दिवस. रविवारी पोचायचं, शनिवारी निघायचं, म्हणजे मधले पाच दिवस हातात. मास्तरांनी त्यात सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या सहली बसवायला घेतल्या. सोमवारी किल्ल्याचं गाव, मंगळवारी तळं, गुरुवारी मिठाची जुनी खाण, शुक्रवारी बंदर.

“आणि आपण राहणार ते शहर कधी बघायचं?” बाईंनी विचारलं होतं.

“ते कुठं पळून जातंय? संध्याकाळी आल्यावर बघू.”

“संध्याकाळी तुमचे पाय दुखतात आणि माझं डोकं. मला बुधवार द्या. अख्खा. कुठं जायचं नाही, काही बघायचं नाही. हॉटेलच्या खाली चौक आहे म्हणे, तिथं बाकावर दोघांनी बसायचं.”

“बसायला एवढ्या लांब जायचं?”

“हो. इथं तुम्ही बसत नाही माझ्याजवळ, म्हणून.”

मास्तरांनी नाक मुरडलं, पण बुधवारची चौकट त्यांनी कोरी ठेवली. छत्तीस वर्षांच्या संसारात बाईंनी मागितलेली ही एवढीच गोष्ट होती असं नाही. पण मिळाली अशी ही पहिलीच, आणि त्या मनातून हरखल्या होत्या.

हॉटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या मास्तरांनी वेळापत्रक कपाटाच्या दाराला चिकटवलं. वर वार, खाली दोन ओळी. पहिली त्यांची, दुसरी बाईंची. सोमवारी किल्ला झाला, मंगळवारी तळं झालं. दोन्हीकडे मास्तर हातात घड्याळ धरून चार पावलं पुढे आणि बाई मागे. तळ्यावरून परतल्यावर खालच्या स्वागताच्या टेबलापाशी मास्तर कुणाशी तरी बोलत राहिले आणि वर आले ते खुशीत.

“खाण गुरुवारपासून दुरुस्तीला बंद आहे. बरं झालं विचारलं. उद्याच उरकून घेऊ.”

“उद्या बुधवार आहे,” बाई म्हणाल्या.

“तेच म्हणतोय.”

“मग गुरुवारी बसू या चौकात.”

“गुरुवार मोकळा राहत होता, म्हणून पाणचक्क्यांचं गाव घातलंय. जाऊन येऊन दिवस होतो.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दाखवायची त्यांना लाज वाटली. “मी नाही येणार. माझा गुडघा सुजलाय,” त्या म्हणाल्या. गुडघा सुजला होता हे खरं, पण तेवढा नाही.

मास्तर वेळापत्रकासमोर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि बाईंच्या ओळीत, बुधवारच्या चौकटीत, सवयीच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘बदली’.

“कुणाला नेताय बदलीवर?” बाई हसून म्हणाल्या. हसण्यात कडवटपणा होता.

“जागा रिकामी ठेवत नाही मी,” मास्तर म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं.

सकाळी साडेसातला ते गेले. दहाच्या सुमाराला बाई चौकात जायला निघाल्या तर कपाटात कोट नव्हता. करडा, लेकीचा जुना कोट. बाईंनी तो सगळा उसवून स्वतःच्या मापाने पुन्हा शिवला होता. मशीनवर वाकून वाकून त्यांचा डावा खांदा बोटभर खाली उतरला होता, त्यामुळे कोटाला तिथे एक चुणी पडायची आणि ती काही केल्या जात नव्हती. मास्तरांनी घाईत आपला समजून नेला असेल, असं म्हणत त्या शाल गुंडाळून खाली उतरल्या.

चौक खरंच छान होता. मध्ये कारंजं, भोवती बाक, कडेने ट्राम जायची. माणसं आपापल्या कामाला चालली होती. बाई एका टोकाला बसल्या आणि शेजारची जागा त्यांनी पिशवी ठेवून धरून ठेवली. का, ते त्यांनाच कळेना. दोन-तीन तासांनी बघण्यासारखं काही उरलं नाही. आपण हट्टाने मागितलेला दिवस आपल्याला एकटीने पुरवून पुरवून खावा लागतोय, या विचाराने त्यांना स्वतःचीच चीड आली.

सहाच्या आधी, अजून चांगला उजेड होता तेव्हा, समोर सहलीची बस येऊन थांबली. मास्तर उतरले. उतरून ते पाठमोरे वळले आणि दाराकडे हात पुढे केला. आतून कुणीतरी त्या हातावर हात ठेवला आणि सावकाश खाली उतरलं. बाईंना आधी कोट दिसला.

लग्नानंतर पहिल्यांदा बसमधून सासरी आल्या तेव्हाही मास्तरांनी त्यांना असा हात दिला नव्हता. त्या उठल्या. गुडघा आखडला होता. मध्ये ट्राम आडवी आली, आणि ट्राम गेल्यावर बसपाशी कुणीच नव्हतं.

त्या खोलीत पोचल्या तेव्हा मास्तर एकटेच बूट काढत बसले होते. कोट कपाटात टांगलेला होता. बाईंनी त्याला हात लावला. आतून तो ओला आणि गार होता, आणि त्याला बंद तळघरासारखा खारट वास येत होता.

“दमलीस ना? पण आज चाललीस मात्र झकास,” मास्तर म्हणाले. “एकदासुद्धा कुरकुर नाही.”

“कोण चाललं?”

“हे बघ की.” त्यांनी मोबाइल पुढे केला.

खाणीच्या तोंडाशी, लाकडी जिन्यावर, मिठाच्या पांढऱ्या भिंतीपाशी, सगळीकडे बाईच होत्या. चष्मा त्यांचा, अंबाडा त्यांचा, हसणं मात्र बऱ्याच वर्षांपूर्वीचं. बाईंनी चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ नेला. डाव्या खांद्यावर चुणी नव्हती. कोट त्या बाईच्या अंगावर असा बसला होता, जसा तो तिच्याच मापाने बेतला असावा.

“ही मी नाही...” त्या हळूच म्हणाल्या. “मी दिवसभर खाली बसले होते.”

“चेष्टा पुरे. झोप आता लवकर, उद्या पुन्हा साडेसात.” मास्तर वेळापत्रकाकडे वळले, आणि बाईंनीही पाहिलं. गुरुवारच्या चौकटीत, त्यांच्या ओळीत, लाल अक्षरं होती.

“हे कधी लिहिलंत?”

“तुझा गुडघा सुजलाय म्हणालीस ना?”

बाईंनी ठरवलं, उद्या काही झालं तरी जायचं. पहाटे पाचला आपोआप उठणारी बाई ती, पण गुरुवारी जाग आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. मास्तर नव्हते, कोट नव्हता. टेबलावर बाईंची सुईदोऱ्याची डबी उघडी पडली होती आणि शेजारी त्यांचंच पोलकं, नीट घडी घालून. त्याची तुटलेली हुकं कुणीतरी लावून ठेवली होती. बाईंनी टाके पाहिले. बारीक, सारखे, एकही तिरका नाही. गेली आठ-दहा वर्षं त्यांच्या हातून असे टाके पडत नव्हते. त्यांनी पोलकं खाली टाकलं आणि पलंगावर पाय वर घेऊन बसल्या.

दुपारी त्या खाली गेल्या. स्वागताच्या टेबलापाशी बसणारी तरुणी त्यांच्याकडे बघून गोंधळली. “तुम्ही केव्हा परत आलात?” तिने तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं. “सकाळी तर नवऱ्याचा हात धरून गेलात. मी माझ्या आईला सांगणार आहे तुमच्याबद्दल. या वयात इतकं प्रेम...”

बाई तशाच मागे वळल्या. त्या वर आल्या आणि खूप रडल्या. भीती होतीच, पण रडू भीतीचं नव्हतं. कोण कुठली ती, दोन दिवसांत तिला ते मिळालं, जे छत्तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून वाट बघूनही आपल्या वाट्याला आलं नाही, याचं ते रडू होतं.

संध्याकाळी मास्तर एकटेच वर आले आणि शिट्टी वाजवत अंघोळीला गेले. कोट हुकाला अडकवलेला होता. बाईंनी तो काढून अंगात चढवला. ओल थेट हाडांपर्यंत गेली, तरी त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली आणि खुर्ची दाराला टेकवून तिच्यात बसल्या. सकाळी बंदराच्या गाडीला निघायची वेळ होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

उठल्यावर मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. आधी चेहरा पाहिला, मग नजर डाव्या खांद्यावर गेली. तिथली चुणी दिसताच त्यांचा चेहरा पडला. अगदी थोडा पडला, पण बाईंनी तो पाहिला.

“तू येतेयस होय,” ते म्हणाले.

बंदरावर वारा होता. बाई दिवसभर शहाण्यासारख्या वागल्या. गुडघ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, दीपस्तंभाच्या सगळ्या पायऱ्या चढल्या, फोटोसाठी हसल्या. मास्तर चार पावलं पुढे चालत होते. मधूनच थांबून ते मागे वळायचे आणि बाईंच्याही पलीकडे बघायचे. शेवटी धक्क्यावरच्या कठड्यापाशी बाईंनी त्यांची बाही धरली.

“अहो, खरं सांगा. तुम्हाला कळलं नव्हतं? दोन दिवसांत एकदाही शंका आली नाही, की ही... ही मी नव्हे?”

मास्तर पाण्याकडे बघत राहिले. “आली की.”

“केव्हा?”

“खाणीच्या जिन्यावरच. मी पुढे गेलो होतो. ती म्हणाली, थांबा, बरोबर उतरू. तू असं म्हणत नाहीस. तू मागून येतेस आणि बडबडतेस.”

बाईंच्या हातातून बाही सुटली. “आणि तरी तुम्ही...”

“बदलीवर आलेल्याला ठाऊक असतं, की आपल्याला एकच तास आहे. म्हणून तो जीव ओतून शिकवतो. मी वर्षानुवर्षं बघत आलोय.” त्यांच्या आवाजात ना राग होता, ना लाज. वर्गाला साधी गोष्ट समजावून द्यावी तसं ते बोलत होते.

“आणि मी?”

“तू काय, कायमची आहेस,” मास्तर म्हणाले. समजूत काढल्यासारखा त्यांनी बाईंचा खांदा थोपटला आणि घड्याळात बघून स्टेशनकडे चालू लागले.

बाईंना वाटलं, इथंच बसून राहावं. पण परक्या मुलखात, भाषा येत नाही, पासपोर्टही नवऱ्याच्या खिशात. त्या मागून चालत गेल्या, नेहमीसारख्याच.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. समोरासमोर दोन-दोन माणसांची बाकं होती. बाई खिडकीशी बसल्या, मास्तर त्यांच्या शेजारी. समोरच्या खिडकीची जागा मोकळी होती. एक म्हातारा प्रवासी तिथे बसू लागला, तसा मास्तरांनी झटकन हात आडवा केला. म्हातारा काहीतरी पुटपुटत पुढे गेला.

“कुणासाठी धरलीत जागा?” बाईंनी विचारलं.

मास्तर ताठ होऊन बसले. ते डब्याच्या दाराकडे बघत होते. इतक्या आतुरतेने त्यांना कुणाची वाट बघताना बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. गाडी हलली. दारातून कुणीही आलं नाही. बाईंनी सुटकेचा श्वास घेतला, आणि त्या श्वासाबरोबरच तो खारट, बंद वास त्यांच्या नाकात शिरला. या वेळी तो कोटाला येत नव्हता.

मास्तर पुढे वाकले. “थंडी वाजतेय?” त्यांनी विचारलं. आवाज इतका मऊ होता, की बाईंच्या तोंडून ‘नाही’ निघूनही गेलं. त्यांच्या अंगात तर जाड कोट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. मग त्यांना दिसलं, की मास्तर त्यांच्याकडे बघतच नव्हते.

मास्तरांनी गळ्यातला मफलर काढला, समोरच्या मोकळ्या जागेवर दोन्ही हातांनी हलकेच लपेटला आणि हात मागे घेतले.

मफलर खाली पडला नाही.