मोरचुदाचे दोन पौंड

सकाळी नऊला ओरिन बाके खासगी गुप्तहेर लोर्ना हॅस्केटच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या अंगाला मेलेल्या माशांचा वास येत होता.

"बाई, ट्राउटची चाळीस हजार पिल्लं गेली. एका दिवसात! आणि साहेब म्हणतो, तूच मारलीस. बारापर्यंत कबुलीवर सही कर आणि घर रिकामं कर, म्हणतो."

माँटानाच्या आमच्या खोऱ्यात ओरिनला ओळखत नाही असं कोणी नाही. एकतीस वर्षं तो मत्स्यबीज केंद्रावर राबला, राहायलाही तिथेच. अशा माणसाला घालवायला तीन तास! लोर्नाने कोट उचलला. "ड्यूई, ऊठ. तो पाव गाडीत खा."

केंद्रावर हौदांत पांढरी पोटं वर करून पिल्लं तरंगत होती. मदतनीस ड्यूईने पाव खिशात ठेवला.

"दर महिन्याच्या एक तारखेला मी मोरचूद टाकतो, परवाही टाकलं," ओरिन म्हणाला. "कल्ल्यांना कीड लागू नये म्हणून. दर हौदाला दोन पौंड."

खोपीच्या दारावर तो आकडा खडूने लिहिलेला होता. इथे कोणी पुस्तक उघडत नाही, दार बघतात. ड्यूईने उरलेली गोणी तोलली. वजन चोख निघालं; दोन पौंडांच्या हिशेबाने जेवढं जायला हवं, तेवढंच गेलं होतं.

लोर्नाने हात धुतले. पुन्हा धुतले. "साबण जातच नाही की हो!"

"दहा दिवस असंच चाललंय. साबण तोच, वीस वर्षं तोच. साहेबाला विचारलं, पाणी बदललं का? तर म्हणाला, म्हातारा झालास, साबण बदललास आणि विसरलास."

तेवढ्यात व्यवस्थापक वेक्सलर आलाच. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात कागद.

"तपासणीचा अहवाल हा घ्या. पिल्लं तांब्याने मेली. मोरचूद म्हणजे तांबंच. आणखी काय हवंय?"

"पाण्यात तांबं किती निघालं?"

"ते... नेहमीइतकंच."

"मग गेल्या महिन्यात का नाही मेली?"

"ते या म्हाताऱ्याला विचारा! पाणी झऱ्याचंच आहे. कधी बदललेलं नाही."

पाणी बदलल्याबद्दल आत्ता त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

ओरिनचं एकाच माणसाशी वाकडं होतं. वरच्या लॉजमधली स्वयंपाकीण, ऱ्होडा स्टॅम; तो लॉजही वेक्सलरच चालवायचा. लोर्ना आणि ड्यूई तिच्याकडे निघाले. वाटेत एक कुलूपबंद खोपटं लागलं. मागून झऱ्याचा आणि ओढ्याचा असे दोन नळ त्यात शिरत होते आणि पुढून दोन निघत होते, एक खाली केंद्राला, एक वर लॉजला. लॉजच्या फाटकावर नवी कोरी पाटी होती : 'अस्सल झऱ्याच्या पाण्यात डुंबा.'

"माझी तीन गिऱ्हाइकं हौदातले मासे चोरताना त्याने पकडून दिली," ऱ्होडा पळी आपटत म्हणाली. "त्याचं तोंड बघत नाही मी! पण मुक्या जिवांवर राग काढीन? आणि सवड आहे कुणाला? हा राजमा बघा. पाच तास चुलीवर, तरी दगड! दहा दिवस हाच ताप."

"जुना असेल," ड्यूई म्हणाला.

"तुझं डोकं जुनं! याच गोणीतला मागच्या महिन्यात लोण्यासारखा शिजला होता."

लोर्नाने एक दाणा चावला. "चल ड्यूई. बाराला दहा कमी आहेत."

खाली केंद्रावर ओरिन वेक्सलरसमोर पेन हातात धरून बसला होता. लोर्नाने ते काढून घेतलं.

"वेक्सलर, खोपट्याची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. का?"

"वर राजमा शिजेना आणि खाली साबण सुटेना. दोन्ही दहा दिवसांपासून. जड पाण्यात डाळी शिजत नाहीत, मऊ पाण्यात साबण सुटत नाही. झऱ्याचं पाणी चुनखडीतून येतं, जड असतं. ओढ्याचं पाणी वितळलेल्या बर्फाचं, मऊ. तुम्ही झरा लॉजला दिलात आणि लॉजचा ओढा इथे आणलात. पाटीसाठी!"

"पण तांबं तर तेवढंच होतं ना?" ड्यूईने डोकं खाजवलं.

"तेवढंच. पण जड पाण्यातला चुना कल्ल्यांवर आधीच जागा धरून बसतो, बरंचसं तांबं पाण्यातच बांधलं जातं. मऊ पाण्यात अडवणारं कोणीच नाही. तेच दोन पौंड झऱ्यात औषध, ओढ्यात विष. दारावरचा आकडा बरोबर होता. पाणी चोरलेलं होतं."

वेक्सलरचा चेहरा उतरला. "मला... मला हे माहीत नव्हतं. आणि मोरचूद टाकलं ते याच्याच हातांनी ना?"

"माहीत नव्हतं?" लोर्नाचा आवाज चढला. "त्याने तोंडावर विचारलं, पाणी बदललं का म्हणून! एक 'हो' म्हणाला असतात तर त्याने गोणीला हात लावला नसता. तुम्ही त्याला म्हातारा ठरवलंत आणि वर कबुली लिहून आणलीत. लाज वाटत नाही?"

ओरिन उठला. कबुलीचे त्याने चार तुकडे केले. मग दारापाशी जाऊन खडूचा तो आकडा बाहीने पुसून काढला.

"टाकलं ते माझ्याच हातांनी, वेक्सलर," तो म्हणाला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडी 'साहेब' हा शब्द आला नाही. "ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुम्हालाही विसरू देणार नाही."

कोपऱ्यातलं फावडं उचलून त्याने वेक्सलरच्या हातात कोंबलं.

"चाळीस हजार आहेत. पुरायला लागा."