तुषारला चार्ज हवा आहे

चहा उकळेपर्यंत चौघांनी आपापले बळपाय चढवले. कंपनीकडून भाड्यानं घेतलेला, कमरेपासून घोट्यापर्यंतचा तो बॅटरीवरचा हलका सांगाडा चढावर गुडघा आपणच उचलून द्यायचा. म्हणून तर पन्नाशी उलटलेली ही वाईची मंडळी लडाखमध्ये झंस्कारच्या पठारावर पोचली होती. तरुणपणी सह्याद्रीतले गड पालथे घालताना त्यांची एक रीत होती, पाणी सगळ्यांचं. तहान लागली की जवळ असेल त्याची बाटली काढायची, विचारायचं नाही.

"स्टोव्ह आणि तांदूळ माझ्याकडे दे," तुषार धनश्रीला म्हणाला. "तुझी पाठ धरलीय ना?"

"अरे, तुझं ओझं काय कमी आहे?"

"चालणारे पाय कंपनीचे. माझं काय जातंय?"

दुपारी खिंडीच्या चढावर वारा सुटला. थंडीत बॅटरी भराभर उतरते, आणि ओझं जास्त त्याची सगळ्यांत आधी. तुषार मागे पडला. केतकीच्या मनगटपट्टीवर अक्षरं उमटली, 'तुषारला चार्ज हवा आहे. तुमच्यातला थोडा द्याल? तुमचं नाव कुणालाही कळणार नाही.' हाकेच्या अंतरावर असलं की बळपाय एकमेकांना बिनतारी चार्ज देऊ शकत. कुणाला संकोच नको म्हणून कंपनीनं नावं झाकून ठेवली होती.

केतकीकडे निम्म्याहून जास्त चार्ज होता. पण खिंड अजून गाठायची होती, आणि तिचे स्वतःचे गुडघे केव्हाच कामातून गेलेले. सारंग आणि धनश्री देतीलच की. तिनं 'नाही' दाबलं आणि चालत राहिली. मागे वळून बघायचं मात्र तिला जमलं नाही.

खिंडीपलीकडे तंबू उभा राहिला तरी तुषारचा पत्ता नव्हता. चहा टाकावा म्हणून धनश्रीनं सॅक उघडली, तेव्हा तिला आठवलं की स्टोव्ह त्याच्याकडे आहे.

"येईल की," सारंग म्हणाला. "चार्ज मिळालाय त्याला."

"तू दिलास?" केतकीनं विचारलं.

सारंग तंबूची आवळलेली दोरी पुन्हा आवळू लागला. "मला वाटलं, तुम्ही दोघी..."

धनश्रीनं मान खाली घातली. मग तिघं उलट्या पावली निघाली.

तुषार चढाच्या मध्यावर एका दगडाआड बसला होता. बंद पडलेले बळपाय त्यानं काढून ठेवले होते आणि एक बूट उतरवून तो पायाची बोटं चोळत होता. बोटं पांढरीफटक पडली होती.

"रेंज नसेल," त्यांच्याकडे न बघता तो म्हणाला. "अशा डोंगरात होतं असं."

त्याच्या मनगटपट्टीवरची अक्षरं केतकीला स्पष्ट दिसत होती, 'तिघांची उत्तरं आली. मिळालेला चार्ज: शून्य.' तिच्या मांडीवरचा, चार्ज शिल्लक असल्याचा हिरवा दिवा अजून जळत होता. तिनं तो तळहाताखाली झाकला.

ती त्याच्या शेजारी बसली. तिची बाटली तुषारच्या अगदी हाताशी आली होती. त्यानं सवयीनं हात पुढे केला, आणि मध्येच थांबवला.

"केतकी," तो हळूच म्हणाला, "पाणी घेऊ का गं थोडं?"