रिकाम्या ट्रॉलीचं वजन

बसा. कंदील असू द्या तिथंच, माझ्या डाव्या हाताला. इंजिनाचं विचारलंत म्हणून सांगतो, एरवी मी हा विषय काढत नाही.

बावन्न सालची गोष्ट, दिवाळीच्या आधीची. मी तेव्हा कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवायचो आणि एका मासिकात नव्या यंत्रांची परीक्षणं लिहायचो. पाण्याचे पंप, गुऱ्हाळाचे चरक, ऑईल इंजिनं, जे निघेल ते. वाईट यंत्राला वाईट म्हणायला मी कुणाच्या बापाला भीत नाही, असं चारचौघांत सांगायचो. फुशारकी सगळी, दुसरं काय!

उद्यमनगरात सयाजी मिस्त्रीनं डोंगरातल्या छोट्या रेल्वेच्या इंजिनाची प्रतिकृती केली होती. गुडघ्याएवढं उंच, रुळांमधलं अंतर वीतभर, पण कोळसा खरा आणि वाफ खरी. मागं मुलांना बसायला स्प्रिंगांवरची एक ट्रॉली. दिवाळीनंतर प्रदर्शनात ते धावणार होतं, आणि त्याआधी माझं परीक्षण दिवाळी अंकात यायचं होतं. सोमवारी उद्यमनगर बंद असतं, म्हणून मी सोमवारी दुपारी तीनला सायकलवरून गेलो. ऊन चांगलं होतं. मागच्या आवारात गोल रूळ टाकले होते. सयाजी एकटाच होता.

नारळ फुटला होता, इंजिनाला कुंकू लागलं होतं, विस्तव पेटून वाफेचा काटा वर आला होता. तरी सयाजी वाफ सोडायच्या दांड्याला हात लावीना.

आमच्याकडच्या कारखान्यांत तेव्हा एक रीत होती. नव्या यंत्राला पहिला हात मोल्डरचा. म्हणजे ज्यानं वाळूचे साचे करून त्याचे भाग ओतले, त्याचा. मिस्त्री कितीही मोठा असो, त्यानं मागं उभं राहायचं. या इंजिनाचा मोल्डर होता ज्ञानू, आणि तो वीस दिवसांपूर्वी गेला होता. सिलिंडर ओतताना साचा ओला निघाला. ओल्या वाळूला लोखंडाचा रस लागला की तो उसळून अंगावर येतो. ज्ञानू जागेवर गेला, शेजारी काम करणाऱ्या कृष्णातचे दोन्ही डोळे गेले. सिलिंडर मग दुसरीकडून ओतून आणला. साचा ज्ञानूनंच नीट वाळवला नाही, असं सयाजीनं सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून कृष्णातच्या घरची माणसं ज्ञानूच्या बायकोच्या, धोंडुबाईच्या दारात जाऊन शिव्या घालत. हे गावाला ठाऊक होतं, मलाही होतं.

"जरा थांबू की मास्तर..." सयाजी म्हणाला.

मला राग आला. थांबायचं कुणासाठी? विज्ञान शिकवणारा माणूस मी. दांडा ओढला आणि इंजिन सोडलं.

फार सुरेख चाललं हो. आवाज कसा, दम लागल्यासारखा नाही, एका लयीत. ट्रॉली रिकामी, एक चक्कर अठ्ठेचाळीस सेकंद. मी वहीत लिहिलं. मग ट्रॉलीवर दीड मण वाळूची पोती ठेवली. एका माणसाचं वजन धरायचं तर तेवढंच. इंजिन कण्हायला लागलं. सत्तर सेकंद. तेही लिहिलं. पोती उतरवली आणि खात्रीसाठी पुन्हा रिकामी चक्कर सोडली.

सत्तर सेकंद.

घड्याळ कानाला लावून पाहिलं. चालू होतं. वाफेचा काटा जिथल्या तिथं. आणखी एक चक्कर सोडली. इंजिन तसंच कण्हत, ओझं ओढत आलं आणि माझ्यासमोर थांबलं. तेव्हा माझं लक्ष स्प्रिंगांकडे गेलं. त्या दोन बोटं दबलेल्या होत्या. ट्रॉलीवर काही नव्हतं. मघासारखंच स्वच्छ ऊन पडलं होतं फळीवर, आणि ती फळी मधोमध किंचित वाकली होती.

हीच ट्रॉली मी आल्या आल्या एका हातानं उचलून रुळावर ठेवली होती. आता दोन्ही हातांनी जोर लावला. हलेना. खाली वाकलो तसा वास आला... जळक्या केसांचा. कोळशाचा नव्हे. मी मागं सरलो.

सयाजी भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"साचा वला हुता मास्तर. ज्ञानू म्हणला, दोन दिस वाळू द्या. म्या त्याला तुमचं पत्र दावलं..."

पत्र माझंच होतं. पंधरा तारखेच्या आत इंजिन चालतं झालं नाही, तर अंकातली जागा दुसऱ्याला देईन, असं मी ठसक्यात लिहिलं होतं. तसं लिहायची काही गरज नव्हती. जागा भरपूर होती.

सयाजी रडत नव्हता, नुसता त्या ट्रॉलीकडे बघत होता. म्हणाला, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण मी बोललो तर लोक म्हणतील हा भ्यालाय. छापलेलं लोक मानतात. तुम्ही लिहा, ज्ञानूचा दोष नव्हता म्हणून. छापून आलं की तो उतरेल.

मी लिहीन म्हटलं. शब्द दिला.

घरी आलो. विमला, माझी बायको, माहेरी गेली होती. घरात मी एकटा. बसलो आणि खरं ते लिहिलं, चार ओळी. वाचून पाहिलं. त्यात माझं पत्र आलं होतं, माझं नाव आलं होतं. शाळा काय म्हणेल, संपादक काय म्हणतील... कागद बंबात घातला, जळेपर्यंत उभा राहिलो. आणि मग सुबक परीक्षण लिहिलं. चाल उत्तम, बनावट निर्दोष. वजनाच्या चाचण्यांबद्दल एक ओळ नाही. मी भेकड निघालो, एवढंच त्याचं उत्तर आहे.

अंक निघाला. पाडव्याच्या दिवशी दुपारी दारात धोंडुबाई उभी. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, तिनंच नाव सांगितलं. आत ये म्हटलं, तर आली नाही. अक्षरओळख नसलेली बाई. अंक तिच्या हातात नव्हता. मला वाटलं सयाजीनं पाठवलं असेल, आता शिव्या देईल. ती शांत होती.

"तुमी लिवलं हुतं नव्हं मास्तर," ती म्हणाली, आणि मग म्हणायला लागली. तिच्या बोलीत नव्हे, माझ्या. शाळेत मुलं धडा म्हणतात तशी.

"साचा ओला होता, हे ज्ञानूने आधीच सांगितले होते. माझ्या पत्रामुळे घाई झाली. या मृत्यूस... या अपघातास तो जबाबदार नाही."

'मृत्यूस' हा शब्द मी लिहून खोडला होता, आणि त्यावर 'अपघातास' लिहिलं होतं. तो कागद माझ्याशिवाय कुणी पाहिला नव्हता. सयाजीलाही ठाऊक नव्हता.

कुणी सांगितलं, एवढंच कसंबसं विचारलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून आत, मी लिहायला बसतो त्या मेजाकडे बघत होती. तिनं हळूच डोक्यावर पदर घेतला.

"त्ये म्हणत्यात, घाई न्हाय. सवडीनं लिवा... बसल्यात त्ये."